युद्धाच्या छायेतील व्यंगचित्रे

महोदय,

युद्धकाळात नेत्यांची खिल्ली उडवणे म्हणजे शत्रूला बळ देणे, असे मानणाऱ्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरचे लंडन आठवावे. फ्रेंच सैन्य इंग्लिश खाडी ओलांडून येणार अशी धास्ती असताना, ऑक्टोबर १७९६मध्ये इंग्रज व्यंगचित्रकार जेम्स गिलरे यांनी एक छापील चित्र प्रसिद्ध केले. त्यात सेंट जेम्स स्ट्रीटवर फ्रेंच सैनिक चालून आले आहेत, मागे राजवाडा पेटला आहे आणि विरोधकांचे नेते फॉक्स खांबाला बांधलेल्या पंतप्रधान पिट यांची उघडी पाठ फोडून काढत आहेत. विरोधकांना शत्रूचे हस्तक ठरवण्याची युक्ती तशी जुनीच म्हणायची!

मात्र आक्रमणाच्या भीतीने लोक रोकड काढू लागल्यामुळे फेब्रुवारी १७९७मध्ये बँक ऑफ इंग्लंडला नोटांच्या बदल्यात सोने देणे थांबवावे लागले, तेव्हा याच गिलरेंनी पिट यांना पोटात सोन्याची नाणी भरलेला आणि तोंडाने कागदी नोटा ओकणारा राजा मिडास (ग्रीक पुराणकथेतला, हात लावेल त्याचे सोने करणारा राजा) म्हणून रंगवले. त्याच वर्षी त्यांना सरकारी वेतन सुरू झाले, हे लक्षात घेता त्यांना निर्भीडतेचा पुतळा मानण्याचे कारण नाही. परंतु सोने गेले कुठे, हा तिजोरीविषयीचा प्रश्न त्यांनी विचारला, तो ऐन युद्धातच.

आपला,
एक वाचक