गव्हर्नर झालो, बंगला मिळाला नाही

महोदय,

परदेशातल्या मराठी मंडळांच्या गणेशोत्सवावरचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. लंडनचं मंडळ 1932 सालचं, याचं कौतुक मलाही आहेच. हॉलचं बुकिंग, वर्गणी, कलाकारांचे व्हिसा, दीडशे पानांचा महाप्रसाद हे सगळं नोकरी सांभाळून पार पाडणारी आपली माणसं मंडळाचं दार ओलांडलं की इथल्या कुठल्या समितीवर फारशी दिसत नाहीत. लेखात हा विषय आला नाही, म्हणून हे पत्र.

गेली तीन वर्षं मी लंडनमधल्या एका प्रौढ शिक्षणाच्या कॉलेजचा गव्हर्नर, म्हणजे कॉलेजवर देखरेख करणाऱ्या बोर्डाचा सदस्य आहे. आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "म्हणजे मलबार हिलसारखा बंगला देणार का रे?" बंगला नाही आणि मानधनही नाही. मिळतं ते बसभाडं, आणि बैठकीच्या आठवडाभर आधी येणारा शंभर-सव्वाशे पानांचा गठ्ठा. तो वाचायचा असतो, ही त्यातली खरी मेख.

ही कॉलेजं एकोणीस वर्षांवरच्या माणसांसाठी. कुणी शाळा अर्धवट सोडलेली, कुणाला इंग्रजी लिहिता येत नाही, कुणाला पन्नाशीत गणिताची परीक्षा द्यायची आहे, तर कुणी निवृत्तीनंतर चित्रकलेला येतं. परंपरा जुनी आहे. 1854 साली लंडनमध्ये वर्किंग मेन्स कॉलेज निघालं, तिथे कलासमीक्षक जॉन रस्किन आणि चित्रकार रोझेटी कामगारांना चित्रकला शिकवत. पुढच्याच वर्षी, 1855 मध्ये, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली. थेम्सच्या दक्षिणेला मॉर्ले कॉलेज आहे. ओल्ड व्हिक नाट्यगृहात एका पेनीत व्याख्यानं होत, त्यातून ते 1889 साली उभं राहिलं. संगीतकार होल्स्ट 1907 पासून सतराएक वर्षं तिथे संगीत विभाग सांभाळत होते. तेव्हा हे दुय्यम दर्जाचं, 'नापासांचं' शिक्षण, असा समज कुणी करून घेऊ नये.

गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचा संस्थाचालक नव्हे. मुलाला प्रिन्सिपल आणि सुनेला लेखनिक करता येत नाही. प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीलाच हितसंबंध सांगायचे असतात. आमच्या एका सदस्याची बायको कॉलेजात मातीची भांडी करायला शिकते. फीवाढीचा विषय निघाला तेव्हा ते गृहस्थ निमूटपणे उठून व्हरांड्यात जाऊन बसले. मला हसू आलं होतं. नंतर आमच्या गावच्या हायस्कूलची कमिटी आठवली आणि हसू गेलं.

बोर्डाकडे काम मोजकं आणि जड. प्रिन्सिपल नेमायचा, कॉलेजची दिशा ठरवायची, अंदाजपत्रक मंजूर करायचं, पैसे बुडत नाहीत ना ते बघायचं. रोजचा कारभार चालवायचा नाही, त्यात नाक खुपसायचं नाही. फक्त विचारायचं. सोबतीला क्लार्क असतो. नाव क्लार्क असलं तरी तो फायली वाहणारा कारकून नव्हे. काय नियमात बसतं ते तो अध्यक्षालाही ठणकावून सांगतो.

हे विचारणंच मला जमत नव्हतं. पहिलं वर्ष मी गप्प बसलो. आपलं इंग्रजी, आपले उच्चार, समोर बँकेतून निवृत्त झालेले आणि महापालिकेतले मुरलेले लोक. कॉलेजचं आर्थिक वर्ष 31 जुलैला संपतं, त्यामुळे जुलैत अंदाजपत्रकाची बैठक. गठ्ठ्यातल्या एका तक्त्यात ओळ होती: कमी पटाचे संध्याकाळचे वर्ग दिवसाच्या वर्गांत विलीन. आकडे चोख होते. प्रौढ शिक्षणाच्या सरकारी पैशाला 2010 नंतर कात्री लागलेली, तेव्हा कुठेतरी काटकसर होणारच. मीही हात वर केला.

ऑक्टोबरच्या बैठकीला विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी ड्युटीवरून थेट आले, बसचालकाच्या गणवेशात. (विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांनाही बोर्डावर जागा असते.) त्यांनी गठ्ठा उघडलाच नाही. खिशातून घडी घातलेला कागद काढला. गणिताच्या संध्याकाळच्या वर्गातली आठ नावं होती त्यावर, प्रत्येकापुढे पेन्सिलीने कामाची वेळ. वर्ग आता दुपारी एकला भरत होता. आठांपैकी दोघं येत होती. "तक्त्यात वर्ग विलीन झाला," ते म्हणाले, "माणसं नाही झाली." मी मान वर करू शकलो नाही. दहावीपर्यंत पोचलो तो मुंबईच्या रात्रशाळेत शिकलेल्या बापाच्या जिवावर. गिरणीची पाळी आणि वर्गाची वेळ यांची सांगड घालताना त्यांची होणारी ओढाताण लहानपणी घरात ऐकली होती. त्या टेबलाभोवती जुलै महिन्यात "या लोकांची कामाची वेळ काय?" हा प्रश्न कुणाला सुचायला हवा होता, तर मला.

वर्ग जानेवारीत पुन्हा संध्याकाळी सुरू झाला. आठातले पाच परत आले.

तेव्हापासून मी बोलतो. चुकीच्या इंग्रजीत बोलतो, पण कुणी हसत नाही. बैठकी वर्षाला पाच-सहा, एखाद्या उपसमितीच्या वेगळ्या, मधूनच एखादा वर्ग बघायला जायचं. महिन्याला दोन संध्याकाळ गेल्या असं धरा. हिशेब, इमारतीची देखभाल, कायदा, आयटी यातलं काहीतरी येणारी माणसं कॉलेजांना सतत हवी असतात आणि रिकाम्या जागांच्या जाहिराती त्यांच्याच संकेतस्थळांवर असतात. शिक्षण क्षेत्राचा अनुभव लागतोच असं नाही. मला नव्हता.

आपलं वर्तमानपत्र इथे पुष्कळ घरांत मोबाइलवर वाचलं जातं, म्हणून त्या वाचकांना एक सांगतो. अर्जात मंडळाचं खजिनदारपद लिहायला लाजू नका. मी लाजलो होतो, शेवटच्या ओळीत कसंबसं घुसवलं होतं. मुलाखतीत अर्धा वेळ त्यांनी त्याबद्दलच विचारलं: हॉलचं भाडं ऐन वेळी दुप्पट झालं, तेव्हा तुम्ही काय केलंत?

आपला,
एक नियमित वाचक, लंडन