शुक्रवारी बाजारातल्या कपवाल्या काकांना, थँक्यू!

काका, माझं नाव तुम्हाला ठाऊक नसणार, पण "ती दांडिया बाजारवाली, सुटा कप शोधणारी" म्हटलं की लगेच आठवेल. घर बदलताना आजीच्या सेटमधला एक कप फुटला, बशा सहा अन् कप पाच, आणि अख्ख्या बडोद्यात जाईन तिथे "ताई नवीन सेट घ्या ना, मायक्रोवेव्हमध्ये पण चालतो" हेच ऐकत होते. तुम्ही मात्र कप हातात घेतला आणि आधी उलटा केला.

खाली नुसतं 'इंग्लंड' छापलंय हे मी लहानपणापासून बघतेय, पण त्यावरून वय काढतात हे तुम्ही सांगितलंत, की अमेरिकेच्या कायद्यामुळे १८९१ पासून तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव टाकावं लागायला लागलं, म्हणजे कप बहुतेक त्यानंतरचाच. मग उजेडात धरून आतून बोटाची सावली दाखवलीत, बोन चायना, त्यात जवळजवळ निम्मी हाडांची राख असते म्हणे (आमच्या सोवळ्यातल्या आजीला कळलं असतं तर गच्चीवरून फेकले असते सगळे, बरं झालं नाही कळलं). आणि कानापाशी निळ्या वेलीचं एक पान अर्धंच कापलेलं, कारण नक्षी कागदावरून उठवतात अन् तिथे जोड येतो! इतकी वर्षं धुतेय, कधी दिसलं नव्हतं.

जुळणारा कप नाहीच मिळाला. तुम्ही काढून ठेवलेला जपानी, खाली 'ऑक्युपाइड जपान', म्हणजे महायुद्धानंतर जपान दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात होता तेव्हाचा, १९५२च्या आधीचा. टिचकी मारून खणखणीत वाजवून दाखवलात, वर "मॅच होत नाही, आधीच सांगतो" पण म्हणालात आणि पैसेही अगदी बेताचे घेतलेत, आजकाल कोण करतं हो असं?

आता चारचा चहा ह्याच कपांत, गवती चहा-फुदिना घालून, आणि तुम्ही सांगितलंत तसा कप आधी कोमट पाण्याने विसळून. काठ इतका पातळ की ओठाला कप लागतच नाही, थेट चहाच लागतो, जाड मगात ती मजा नाही. बाबा बशीत ओतून फुरके मारतात, लेक "ईई आजोबा" करायची, तिला म्हटलं अगं एकेकाळी इंग्रजसुद्धा बशीतूनच प्यायचे, तर आता तीही फुर्र करून पिते आणि जपानी कप मलाच म्हणून भांडते.

फक्त तो आमच्या बशीत जरा डुगडुगतो. त्याच्या मापाची बशी कुठे दिसली तर बाजूला ठेवा ना काका, शुक्रवारी चक्कर मारतेच.