सारसांचा आकडा छापता, पिलांचाही छापा

संपादक महोदय, स.न.वि.वि.

दर उन्हाळ्यात गोंदिया-भंडाऱ्यात सारस मोजतात आणि आकडा बातमीत येतो. तो घसरला नाही की सगळे निश्चिंत. पण दीर्घायुषी पक्ष्यांत ही मोजणी फसवी असते. पिले जगली नाहीत तरी म्हाताऱ्या जोड्या धानाच्या बांधीत चरताना दिसतच राहतात.

समुद्रपक्ष्यांवर याचा बारकाईने अभ्यास झाला आहे. पॅसिफिक महासागरातल्या मिडवे बेटावरच्या ‘विझडम’ या लेसन अल्बाट्रॉस मादीच्या पायात १९५६ साली कडे घातले होते. २०२४ च्या अखेरीस, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, तिने पुन्हा अंडे घातले. पायात कडे नसते तर नुसते पाहून तिचे वय कोणी सांगितले असते?

पक्ष्याच्या शरीराची झीज किती झाली हे कळायला अभ्यासक पंखाखालच्या शिरेतून थेंबभर रक्त घेतात. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असते (माणसाच्या नसते), म्हणून तेवढे पुरते. त्यातून गुणसूत्रांच्या टोकांची, म्हणजे टेलोमिअरची, लांबी मोजतात. दोरीचे टोक उसवावे तशी ही टोके झिजतात. ताणाचे संप्रेरक मोजायचे तर पक्षी हाती आल्यापासून तीन मिनिटांत रक्त घ्यावे लागते, नाहीतर पकडल्याचाच ताण मोजला जातो. टेलोमिअरसाठी तोच पक्षी काही वर्षांनी परत धरावा लागतो. वेगवेगळ्या वयाचे पक्षी एकदाच मोजले तर कमजोर आधीच मेलेले असतात आणि उरलेले म्हातारे उगाच ठणठणीत वाटतात.

युरोपियन शॅग (पाणकावळ्याच्या कुळातला समुद्रपक्षी) आणि भटक्या अल्बाट्रॉसमध्ये ही झीज मुख्यतः पिलू मोठे होईपर्यंतच झालेली आढळली, पुढे फारशी नाही. स्कॉटलंडच्या आयल ऑफ मे बेटावर शॅगची काही पिले वारंवार हाताळली, काहींना ताणाचे संप्रेरक दिले. दोन्हींची टोके इतर पिलांपेक्षा जास्त आखडली. लीच स्टॉर्म पेट्रेल या छोट्या समुद्रपक्ष्याचे गणित मात्र उलटे, वयाबरोबर त्याची टोके आखडत नाहीत. त्यामुळे शॅगचा नियम सारसाला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण पिलांचे दिवस नाजूक असतात, एवढे धरून चालायला काय हरकत आहे?

सारसाची अंडी बहुधा दोन, उबवण महिनाभराची, आणि पिलाला उडायला साधारण तीन महिने लागतात. म्हणजे रोवणीपासून धान कापणीला येईपर्यंतचा काळ. या दिवसांत फोटोसाठी धुऱ्यावरून घरट्यापर्यंत जाणे, ड्रोन उडवणे, गावातली कुत्री मोकाट सोडणे बंद व्हावे. ज्याच्या बांधीत घरटे आहे, त्या शेतकऱ्याला घरट्याभोवतीचे धान सोडण्याची भरपाई कापणीआधी मिळावी. नंतर दिलेल्या पैशाने घरटे वाचत नाही.

मोजणीही दोनदा हवी, उन्हाळ्यात एकदा आणि कापणीनंतर एकदा. कोवळ्या सारसाचे डोके तपकिरी पिसांनी झाकलेले असते, प्रौढाचे उघडे लालभडक. साध्या दुर्बिणीतून फरक कळतो. तेव्हा एकूण आकड्याशेजारी उडालेल्या पिलांचा रकानाही आपल्या दैनिकात छापावा, ही विनंती.

काही पक्षिनिरीक्षक,
ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया