नानांचा खुबा: सिमेंट की खरबरीत दांडा?

प्रिय रेखा,

नानांचा एक्स-रे आणि त्यासोबतचा तुझा प्रश्न, दोन्ही मिळालं. डॉक्टर म्हणतात, खुब्याचा सांधा बदलताना मांडीच्या हाडात धातूचा दांडा सिमेंट भरून बसवू. तुझा पुतण्या म्हणतो, सिमेंट आता जुनं झालं, थ्रीडी प्रिंट केलेलं, खरबरीत पृष्ठभागाचंच घ्या. मी डॉक्टर नव्हे, हे तुला माहीतच आहे. पण हेच दांडे आणि त्यांच्या जोडीला कमरेच्या हाडात बसणाऱ्या वाट्या तपासण्यात माझा दिवस जातो, तेव्हा धातू आणि हाड जिथे भेटतात तेवढ्या जागेबद्दल मला बोलता येईल. चहा घेऊन बस, जरा लांबेल.

सिमेंटविना बसवायचा दांडा बहुतेक वेळा टायटॅनियमच्या मिश्रधातूचा असतो. मशीनवरून उतरतो तेव्हा चकचकीत असतो. मग बंद पेटीत त्याच्यावर अ‍ॅल्युमिनाच्या, म्हणजे एका अतिकठीण खनिजाच्या, बारीक खड्यांचा मारा करतात आणि तो राखाडी, निस्तेज होऊन बाहेर येतो. नव्याने टाकी लावलेला पाटा आठव, अगदी तसा. फक्त इथले घाव मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजायचे. सुती हातमोजा लागला तर त्याचे तंतू पृष्ठभागात अडकतात, म्हणून तसले हातमोजे आमच्याकडे चालत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली कधी कधी धातूत रुतून बसलेला अ‍ॅल्युमिनाचा कण सापडतो. असे कण किती आणि कुठे, हे बघणं माझ्या रोजच्या कामातलं.

हा सगळा खटाटोप कशाला? स्वीडनमधल्या ब्रोनेमार्क नावाच्या संशोधकाने १९५० च्या दशकात सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी डबी बसवली होती. मज्जेतला रक्तप्रवाह कसा चालतो हे त्याला बघायचं होतं. प्रयोग संपल्यावर डबी काढायला गेला, तर ती निघेना; हाड थेट धातूला भिडून वाढलं होतं. १९६५ मध्ये त्याने याच तत्त्वावर पहिल्या माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवून त्यावर दात लावले. खुब्याच्या बाबतीत मात्र तेव्हा इंग्लंडमधले सर्जन चार्नली यांची पद्धत जोरात होती: गुळगुळीत दांडा आणि भोवती अ‍ॅक्रिलिक सिमेंट. हे सिमेंट काही चिकटवत नाही बरं का. हाडाच्या बारीक छिद्रांत शिरून ते कडक होतं आणि अडकून बसतं, एवढंच.

सिमेंट नसेल तर पकड हाडानेच धरायची. ऑपरेशनमध्ये धातूभोवती रक्त गोठतं, त्यात तंतूंचं जाळं तयार होतं आणि त्या जाळ्यावरून हाड घडवणाऱ्या पेशी धातूपर्यंत सरकत येतात. पृष्ठभाग गुळगुळीत असला तर जाळं आकसताना सुटून येतं. खरबरीत असला तर धरून राहतं. छिद्रं ठेवली तर हाड आत शिरतं, पण छिद्रंही मापाचीच हवीत. साधारण शंभर ते चारशे मायक्रॉन हे माप चांगलं मानतात. त्याहून फार बारीक असतील तर हाडासोबत रक्तवाहिन्या आत जायला जागा उरत नाही. काही दांड्यांवर हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटचा थर देतात. हाडातलं खनिजही याच जातीचं, त्यामुळे हाड त्याला लवकर जवळ करतं. पण थर फार जाड झाला तर सुटून येऊ शकतो आणि फवारताना फार तापला तर शरीरात भराभर विरघळतो.

आता पुतण्याच्या जाहिरातीत जे नसतं ते सांगते. हे सगळं कितीही देखणं केलं, तरी पहिले काही आठवडे दांडा हलता कामा नये. पाऊल टाकताना धातू आणि हाड यांच्यात दीडशे मायक्रॉनच्या वर सरक होत राहिली, म्हणजे फार तर दोन केसांच्या जाडीएवढी, तर मध्ये हाड धरत नाही, तंतुमय पापुद्रा धरतो. तो एकदा धरला की दांडा सैलच राहतो आणि मांडी दुखत राहते. म्हणून सर्जन हाडातली पोकळी दांड्यापेक्षा किंचित कमी कोरतात आणि दांडा ठोकून बसवतात. ठोकून, हा शब्द नीट वाच. तरुण माणसाचं हाड ते सहज सोसतं. नाना अठ्ठ्याहत्तरचे आहेत आणि एक्स-रेत त्यांच्या मांडीच्या हाडाची भिंत कागदासारखी दिसते आहे. देशोदेशीच्या सांधेबदलाच्या नोंदवह्या एक गोष्ट वारंवार दाखवतात: पंचाहत्तरीपुढच्या माणसांत सिमेंटविना बसवलेल्या दांड्याभोवती हाड मोडण्याचं प्रमाण सिमेंटवाल्यांपेक्षा जास्त असतं. त्यामुळे तुमचे डॉक्टर जुनाट नाहीत, मला तरी त्यांचं बरोबर वाटतं.

आणखी एक गंमत, ही मला फार आवडते. इंग्लंडमधल्या एक्सेटरमध्ये १९७० मध्ये सिमेंटने बसवायचा एक निमुळता, चकचकीत दांडा निघाला. १९७६ मध्ये तो चकचकीतऐवजी मॅट, म्हणजे निस्तेज आणि किंचित खरबरीत करण्यात आला. हे मॅट दांडे जास्त प्रमाणात सैल व्हायला लागले. निमुळता दांडा सिमेंटमध्ये थोडासा खाली बसून आपोआप घट्ट होतो. खरबरीत दांडा तसा बसताना सिमेंटच खरवडत राहतो. १९८६ मध्ये पुन्हा चकचकीत दांडा आणला, आणि त्याचा लौकिक आजही टिकून आहे. म्हणजे खरबरीतपणा हा काही स्वतःहून गुण नव्हे. समोर हाड असेल तर खरबरीत, सिमेंट असेल तर गुळगुळीत. मी नोकरीला लागले तेव्हा कुणी हे सांगितलं असतं तर निम्मे वाद वाचले असते!

थ्रीडी प्रिंटचं म्हणशील, तर ते थोतांड मुळीच नाही. इलेक्ट्रॉनच्या किंवा लेझरच्या झोताने टायटॅनियमची भुकटी थरावर थर वितळवून जाळीदार वाटी बनवतात. छिद्रं हवी तिथे, हव्या मापाची. भरीव टायटॅनियम हाडापेक्षा पाचसहा पटीने ताठ, जाळी केली की तो ताठपणाही उतरतो. कमरेचं हाड झिजून खड्डा पडला असेल, किंवा दुसऱ्यांदा ऑपरेशन असेल, तिथे अशी वाटी मोलाची. नानांचं पहिलंच ऑपरेशन आहे आणि कमरेचं हाड, मला दिसतं तितपत, शाबूत आहे. तिथे साधी सच्छिद्र वाटीही धरते.

तेव्हा डॉक्टरांना एवढंच विचार: दांडा सिमेंटने आणि वाटी सिमेंटविना, असं मिश्र करणार का? बऱ्याच ठिकाणी करतात. तसं झालं तर पुतण्याची खरबरीत पृष्ठभागाची हौसही वाटीपुरती फिटेल. आणि नानांची साखर, दाताची कीड, लघवीचा संसर्ग हे आधी तपासून घ्या. खरबरीत पृष्ठभाग जंतूंनाही तितकाच आवडतो. पेशी आधी पोचतात की जंतू, याची शर्यतच लागते तिथे, आणि जंतू पुढे गेले की सगळा दांडा काढावा लागू शकतो.

ऑपरेशननंतर इम्प्लांटच्या खोक्यातले स्टिकर फाईलला लावलेत का ते बघ आणि त्यांचा फोटो काढून ठेव. त्यावर माप आणि लॉट नंबर असतो. दहा वर्षांनी दुसऱ्या गावच्या डॉक्टरला आत काय बसवलंय हे कळायला दुसरं काही हाताशी नसतं. नानांना माझा नमस्कार सांग. काकूंना म्हणावं, तारीख ठरली की मी सांगलीला येते, डब्याची काळजी करू नका.

तुझी,
मंजू