शैले, तुझं उत्तर शुक्रवारच्या आत हवं

रविवार, रात्री साडेदहा

प्रिय शैले,

पाच महिने पत्र नाही, फोनवर नुसतं "निवांत बोलू गं." चुकलंच माझं. बीपी गोळीने ताब्यात आहे, पाठ आहे तशीच.

लिहायला बसले ते नर्सिंगच्या मुलींच्या मनातला पूर्वग्रह त्यांनाच दाखवणाऱ्या आपल्या त्या दोन कागदांपायी. बाळंतपणाला दीड तास झालाय, टाक्यांपाशी असह्य दुखतंय, शी लागल्यासारखा जोर येतोय, नाडी 112, बीपी 100/70, पॅड जेमतेम भिजलेलं. एका कागदावर बाई शिक्षिका, दुसऱ्यावर ऊसतोड कामगार. बाकी अक्षर न् अक्षर तेच. निम्म्या वर्गाला एक, निम्म्याला दुसरा. दुखणं दहापैकी किती लिहाल, किती मिनिटांत जाल, कुणाला कळवाल?

तू ऊसतोडवालीची चौथी खेप लिहायचीस, त्यावरून मी भांडायचे. अजूनही भांडेन! चौथ्या खेपेला गर्भाशय सैल पडून रक्तस्रावाचा धोका खरंच वाढतो. मग मुली म्हणतात, "आम्ही खेप बघून ठरवलं," आणि त्यांचं बरोबरच असतं. दोघींची दुसरी खेपच हवी. शिवाय हा कागद आणखी तीन केसेसमध्ये मिसळून द्यायचा. एकटा दिला की मुलींना वास लागतो आणि सगळ्या 'ताबडतोब' लिहून मोकळ्या होतात. उत्तरं फळ्यावर बिननावाची. एकीला उभं केलंस की बाकीच्या वर्षभर खरं बोलत नाहीत.

ही केस मी सोडत नाही, कारण इथे योनीच्या भिंतीआड रक्त साकळतंय. बाहेर दिसत नाही. पुरावा दोनच: नाडी आणि बाईचं सांगणं. "यांना ओरडायची सवयच असते" म्हटलं की त्यातला अर्धा पुरावा गेला. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्या, 2019 मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्या बायकांचं दुखणं नीट ऐकून कुणी तपासलं असेल, असं वाटतं तुला?

मनातला छुपा पूर्वग्रह मोजणारी ती 1998 पासूनची कॉम्प्युटरवरची चाचणी (IAT) घेऊया असा तुझा हट्ट होता. नको गं. त्याच माणसाचा निकाल दोन वेळा दोन येतो, आणि आकडा सुधारला म्हणून वॉर्डातलं वागणं बदलतंच असं नाही. मी मुलींना हाताची सवय लावते. पाळी बदलताना, हँडओव्हरला 'नाटकी', 'अडाणी', 'ऐकत नाही' असं विशेषण कानावर आलं की हात नाडीवर, पूर्ण एक मिनिट. मग बीपी, गर्भाशय घट्ट आहे का, पॅड, टाके. पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी हे करायचंच असतं. जिच्यावर शिक्का बसतो तिच्याच तक्त्यातल्या चौकटी रिकाम्या राहत नाहीत ना, हे जुने तक्ते नावं झाकून मुलींनाच मोजायला लावते.

मुलींनी बोलायचं कसं, हाही सराव घेते. आधी आकडा: "सिस्टर, सहा नंबरची नाडी 112 आहे, बघता का?" नाही ऐकलं तर, "मला काळजी वाटतेय." तरीही नाही तर, "बाईच्या जिवाला धोका वाटतो, मी डॉक्टरांना कळवते." सरावात सिस्टर झालेल्या मुलीने पहिल्या वाक्याला तोडायचंच. नाहीतर दुसरं वाक्य कुणाच्या तोंडात बसतच नाही.

आणि इथेच अडलंय बघ. परवा सेकंड इयरची एक पोर म्हणाली, "मॅडम, वॉर्डाचे मार्क सिस्टरांच्या हातात असतात." मी गप्प बसले. खरं आहे ते. सिस्टर वाईट नसतात. साठ खाटांना दोघी असल्या की डोकं आधी शिक्के मारतं, मग माणूस बघतं. थकलेलं डोकं तर जास्तच. पण मी त्या पोरीला बोलायला शिकवतेय आणि त्याची किंमत तिच्या माथी मारतेय, हे गिळवत नाही. मार्कांच्या फॉर्मवर 'धोका वेळेत कळवला' असा रकाना मागितलाय. मुलींच्या आधी सिस्टरांना हेच दोन कागद द्यायचेत. मुलींना प्रत्यक्ष काम शिकवणारी क्लिनिकल इन्स्ट्रक्टर लेबर रूमच्या दारात नाही, वॉर्डात उभी हवी. तरी रात्रपाळीला पोर एकटीच असते.

तू अकरा वर्षं वॉर्डाची इन्चार्ज होतीस. तुझ्या आवाजाने सलाइनसुद्धा थेंब टाकायला घाबरायची! खरं सांग, सेकंड इयरच्या मुलीने कोणतं वाक्य म्हटलं असतं तर तू हातातलं काम टाकून उठली असतीस? तेवढं एक वाक्य मला लिहून पाठव.

गुडघ्याची तारीख मिळाली का? चिनूची बारावी, तिला माझ्याकडून घट्ट मिठी. भावजींच्या लोणच्याची बरणी अजून माझ्याकडेच आहे.

शुक्रवारी बॅच लेबर रूमला जातेय. त्याआधी लिही.

तुझी,
वसू