मनूला, दुसऱ्या केईएमला निघाल्यावर

प्रिय मनू,

फॉकलंड बेटांवर नर्सच्या नोकरीला जाताना चिलीतल्या सांतियागोला पोचलीस हे आईच्या फोनवर वाचलं. माझ्या फोनवर मेसेज नाही, बरोबरच आहे. एअरपोर्टला मी आलो नाही आणि आदल्या रात्री ताटावर बसून जे बोललो ते बोलायला नको होतं. आई तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतेय. शंतनू म्हणाला बाबा तोंडानं जमत नसेल तर लिहा, म्हणून लिहितोय.

फॉकलंड हे नाव आपल्या घरात तुझ्या जन्माआधीपासून आहे. आपल्या नौदलात येण्याआधी विराट ही विमानवाहू बोट म्हणजे इंग्रजांची हर्मीस होती, 1982 ला फॉकलंडसाठी अर्जेंटिनाशी लढाई झाली त्यात इंग्रजांच्या आरमाराची फ्लॅगशिप तीच. मी 91 ते 96 तिच्या बॉयलर रूममधे. व्हॉल्व्हचं चाक कॉटन वेस्ट गुंडाळल्याशिवाय हातात धरवायचं नाही, आणि पाइपावरचा रंग खरवडला की खाली इंग्रजांच्या वेळचा रंग निघायचा, त्याच्याखाली आणखी एक. तू झालीस तेव्हा मी समुद्रावर होतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा तू चाळीस दिवसांची होतीस आणि माझी दाढी बघून जे रडायला लागलीस ते आजीनं घेतल्यावरच थांबलीस.

मेसमधे तेव्हा फॉकलंडच्या इंग्रज गव्हर्नरची गोष्ट निघायची. रेक्स हंट. तरुणपणी हवाई दलात वैमानिक होता, आपल्याकडे हिंदुस्थानातही होता. मग युगांडात अधिकारी, मग वकिलातीची नोकरी, अंकारा, जकार्ता, सायगाव, क्वालालंपूर असा फिरत फिरत 1980 ला फॉकलंडचा गव्हर्नर झाला. सगळी बेटं मिळून जेमतेम अठराशे माणसं. लंडनच्या मनात बेटं अर्जेंटिनाच्या नावावर करून भाडेपट्ट्यानं परत घ्यायची असं चाललं होतं, तर यानं कळवलं की इथल्या लोकांना हे नकोय. वरच्यांना आवडणार नाही हे माहीत असून कळवलं. हे मला तुझ्यासारखं वाटतं, तूही सिस्टर इन्चार्जना तोंडावर सांगून मोकळी होतेस.

1 एप्रिल 1982 च्या रात्री त्यानं स्वतः रेडिओवरून लोकांना सांगितलं की उद्या पहाटे अर्जेंटिनाचं सैन्य उतरेल असं दिसतंय, घरातच थांबा. हाताशी मरीन सैनिक किती, साठ-सत्तर. बायको आणि तरणा मुलगा त्याच गावात. पहाटेपासून गव्हर्नमेंट हाउसला वेढा, गोळ्या चालू, आणि हा आतून रेडिओ स्टेशनला फोन करून लोकांना खबर देतोय. मग चिलखती गाड्या आल्या आणि साडेनवाच्या सुमाराला त्यानं मरीनना शस्त्रं खाली ठेवायला सांगितली. अर्जेंटिनाच्या जनरलनं हात पुढे केला तो यानं घेतला नाही, उलट तुम्ही बेकायदा उतरला आहात, निघून जा असं सुनावलं. नंतर पिसांच्या टोपीसकट पूर्ण युनिफॉर्म चढवला, सरकारी गाडी म्हणून जी लंडनची टॅक्सी होती तिच्यात बसून विमानतळावर गेला आणि त्याच दिवशी उरुग्वेतलं माँटेव्हिडिओ.

पंचविशीत मला हे पटायचं नाही. बॉयलर पेटलेला असताना वॉच सोडून कोण जातं, असं मी वाद घालायचो. आता अठ्ठावन्नाव्या वर्षी सगळं पुन्हा वाचलं तर माझी नजर एकाच गोष्टीवर गेली, की त्या सकाळी त्याच्या माणसांपैकी एकही मेला नाही. थांबायचं तेवढा थांबला आणि निघायची वेळ आली तेव्हा निघाला. 14 जूनला लढाई संपली, 25 जूनला तो परत त्याच घरात हजर. पुढे 85 पर्यंत तिथेच काम केलं. 2012 ला म्हातारा होऊन, 86 व्या वर्षी गेला.

बघ, लेक्चर सुरू झालं. सॉरी. मला वेगळंच सांगायचं होतं.

तुझ्या नव्या हॉस्पिटलचं नाव वाचून आई केवढी हसली होती, परळचं केईएम सोडून पोरगी कुठे चालली तर केईएमलाच. मी गेल्या आठवड्यात त्या हॉस्पिटलची माहिती काढत बसलो. 10 एप्रिल 1984 ला तिथे आग लागली होती. आठ माणसं गेली, त्यात एक बाळंतीण आणि तिचं बाळ, आणि एक नर्स. ती नर्स बाहेर आली होती मनू. पेशंट आत आहेत म्हणून परत आत गेली. आता सगळं नवीन बांधलंय, लढाईतले सुरुंगसुद्धा 2020 ला काढून संपले, मला सगळं माहितेय. पण त्या रात्री मी झोपलो नाही आणि दुसऱ्या दिवशी जेवताना तुझ्यावर ओरडलो की मेंढ्या मोजायला जातेस का तिकडे.

कारण तू परत आत जाणारी आहेस. कोविडमधे एकवीस दिवस घरी आली नाहीस, मी गेटवर डबा ठेवायचो आणि तू लांबून हात करायचीस, पीपीई किटच्या दोऱ्यांनी कानामागे वळ उठले होते ते मला रस्त्याच्या पलीकडून दिसले. बिल्डिंगमधे सगळ्यांना मान ताठ करून सांगायचो माझी मुलगी वॉर्डात आहे, आणि रात्री देवासमोर बसून म्हणायचो तिला घरी पाठव. दोन्ही खरं होतं.

तेव्हा पेशंटला बाहेर काढ, काढशीलच, पण स्वतः बाहेर ये. परत तेच सांगतोय, माहितेय. आता नाही सांगत.

तिथे हिवाळा जूनमधे. काकूनं विणलेला स्वेटर तू मुद्दाम कपाटात ठेवून गेलीस, तो पार्सल करतोय. कोकमं पाठवू का, कस्टमवाले घेऊ देतात का विचारून ठेव. तुझ्याकडे सकाळचे साडेसात म्हणजे आमचे दुपारचे चार, चहाची वेळ. ड्युटीला जाण्याआधी फोन कर, माझ्या फोनवर कर. चार वाजता मी तो हातातच धरून बसेन.

बाबा