सुधारणेस वाव आहे

चि. मुग्धास अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर माझा आवाज चढला, त्याचे मला वाईट वाटते. तुझ्या हाताखालच्या त्या मुलाच्या वार्षिक मूल्यमापनात ‘सुधारणेस वाव आहे’ असे लिहिल्याचे तू सहज सांगितलेस, आणि त्याला समोर बसवून काय ते बोललीस का, असे विचारल्यावर ‘आत्ता नको बाबा, तो आधीच खचला आहे’ म्हणालीस. एवढ्यावर मी चिडायला नको होते. वयाच्या 32व्या वर्षी तुझ्यावर 9 माणसांची जबाबदारी आली, हे मी सकाळी फिरताना भेटेल त्याला सांगत असतो. तुला सांगायचे तेवढे राहून जाते.

पण ते तीन शब्द माझ्या फार ओळखीचे आहेत. 19 वर्षे प्रतिवेदन अधिकारी म्हणून मी मार्चअखेरीस गोपनीय अहवाल लिहिले, आणि ज्याच्याविषयी लिहायचे त्याच्याशी बोलणे टाळायला असेच शब्द उपयोगी पडत. कालव्यावर तुला जीपमधून फिरवणारे काका तुला आठवत असतील. शाखा अभियंता म्हणून प्रत्यक्ष कामावर त्यांच्याइतके कोणी खपत नसे, पण त्यांची अंदाजपत्रके कच्ची असत. मी ती कधी परत पाठवली नाहीत. रात्री घरी बसून मीच दुरुस्त करीत असे, आणि वर्षअखेरीस त्यांच्या अहवालात ‘ब’, म्हणजे ‘चांगला’, असे लिहून मोकळा होत असे. तो प्रतिकूल शेरा नव्हे, म्हणून तो त्यांना कळवण्याची तेव्हा रीत नव्हती. बढतीच्या यादीत त्यांच्या मागचे दोघे पुढे गेले.

ते घरी आले तेव्हा भांडले नाहीत. ‘साहेब, कुठे कमी पडलो ते एकदा सांगायचं होतं,’ एवढेच म्हणाले. मी चहा टाकायला सांगितला.

पुढे 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त यांच्या प्रकरणात प्रत्येक शेरा, मग तो बरा असो वा वाईट, संबंधिताला कळवलाच पाहिजे, असा निकाल दिला. तेही अभियंतेच, बढतीला ‘फार चांगला’ शेरा हवा होता, आणि एका वर्षी मिळालेला ‘चांगला’ त्यांना कोणी कळवला नव्हता. त्या बातमीचे कात्रण अजून विम्याच्या पावत्यांच्या फाइलमध्ये आहे. कागद हातात पडू लागले. समोर बसून बोलायला मात्र मी निवृत्त होईपर्यंत शिकलो नाही.

म्हणून तू त्याच्याशी बोल. ‘तुझे काम नीट नाही’ असे नको. कोणते काम, कोणत्या दिवशी, त्यामुळे कोणाचे काय अडले, ते सांग, आणि चारचौघांत सांगू नकोस. आधी स्तुतीचे दोन शब्द पेरून मग मुद्द्यावर येण्याची युक्ती तुमच्याकडे शिकवतात म्हणे. ती मला पटत नाही, कारण स्तुती ऐकताच माणूस पुढचे ओळखतो आणि अंग आखडून घेतो. खचला आहे म्हणतेस, तर कशाने, हेही त्याच वेळी विचार; वर्षभर कोणी काहीच बोलत नाही, याचाच त्याने काही अर्थ लावला असेल. पाहा, पुन्हा माझे व्याख्यान सुरू झाले. क्षमा कर.

सातवीत असताना गणेश चतुर्थीला तू आजीला म्हणालीस, ‘पारी जाड झाली आहे.’ सगळे स्वयंपाकघर गप्प झाले. तिला असे कोणी म्हणत नसे. तिने विचारले, ‘कुठे?’ आणि तू बोट लावून दाखवलेस. त्यानंतर दरवर्षी पहिली पारी झाली की ती तुलाच हाक मारीत असे. ती मुलगी इतकी सावध केव्हा झाली, याचा मी रविवारपासून विचार करतो आहे, आणि हे माझ्याकडूनच तुझ्यात आले असावे, अशी भीती वाटते.

शनिवारी आम्ही आत्याकडे जाणार आहोत. गुडघा तसाच आहे. त्या मुलाशी बोललीस तर रात्री फोन कर. नाही बोललीस तरी कर, मी विचारणार नाही. तुझी आई म्हणते, विचारतीलच.

तुझा,
बाबा